लेकरू सकाळी उठत का नाही?

शाळा सुरू होऊन महिनाभर झाला की आमच्या ओपीडीत एक तक्रार नेमाने यायला लागते. "डॉक्टर, हा सकाळी उठतच नाही. हाका मारून मारून घसा बसतो." ताप नाही, खोकला नाही, जखम नाही. आणि बहुतेक वेळा तक्रारीबरोबर निदानही घरूनच ठरवून आणलेलं असतं: पोरगा आळशी आहे, मोबाईलने बिघडलाय, पोरीला शाळेत जायचंच नाही.

वाशिम जिल्ह्यात इतकी वर्षं प्रॅक्टिस केल्यावर माझं मत असं झालं आहे की "उठत नाही" ही तक्रार तापासारखी समजावी. ताप हा स्वतः आजार नसतो, आत काहीतरी चाललंय याची ती खूण असते. सतत थकलेलं, सकाळी न उठणारं, वर्गात पेंगणारं लेकरूही तशीच एक खूण देत असतं. तिचा अर्थ लावायला फार महागड्या तपासण्या लागत नाहीत. एक वही, चार प्रश्न आणि रक्ताची एक साधी तपासणी यांवर बऱ्याच वेळा उलगडा होतो. आज त्याबद्दल लिहितो.

"ताकदीची बाटली लावा"

मागे मालेगाव तालुक्यातल्या एका गावातून वडील आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत आजीही होती. वडिलांनी बसायच्या आधीच सांगितलं, "डॉक्टरसाहेब, इले एक ताकदीची बाटली लावून द्या. सकाऊन उठतच नाही. वर्गात झोपते म्हणून शाळेतून दोनदा फोन आला. शिकाचं मनच नसन तं काहाले पाठवाचं?"

आजी म्हणाली, "आम्ही चार वाजता उठून जातं ओढत होतो. आम्हाले नाही कधी थकवा आला."

मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला मी विचारलं, "रात्री झोप लागते का गं?" ती म्हणाली, "झोपते. पण झोप होत नाही."

आधी सलाईनचा विषय संपवू, कारण आपल्या भागात थकवा म्हटलं की सलाईन हे समीकरण फार पक्कं आहे. ५०० मिलिलिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. बाकी पाणी. उलट्या-जुलाबाने शरीर सुकलं असेल तेव्हा सलाईन जीव वाचवतं, पण महिनोन्‌महिन्यांच्या थकव्यावर त्याचा उपयोग नाही. त्याने रक्त वाढत नाही आणि अपुरी झोपही भरून निघत नाही. हे वडिलांना सांगितलं आणि मग मुलीला तिचा दिवस विचारला.

गावात नळ पहाटे पाचला येतो, म्हणून ती पावणेपाचला उठते. पाणी भरायचं. आई सोयाबीनच्या सोंगणीला सात वाजता निघते, म्हणून भाकरी-भाजी दोघींनी मिळून करायची. धाकट्या भावांना तयार करायचं. शाळा साडेदहाची, पण गावातून सोयीची बस सव्वाआठलाच. संध्याकाळी साडेसहाला घरी. मग परत स्वयंपाक, भांडी, अभ्यास. झोपायला पावणेअकरा.

मी कागदावर आकडा लिहून वडिलांसमोर ठेवला: सहा तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप लागते. म्हणजे ही मुलगी रोज किमान दोन तास उधारीवर जगत होती. आठवड्याला चौदा तास, जवळजवळ दोन अख्ख्या रात्री.

आजीचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्यांनी चारला उठून जातं ओढलंच असेल. पण मी त्यांना विचारलं, "आजी, तेव्हा झोपत किती वाजता होतात?" त्या हसल्या. "दिवा गेला की झोप. आठ वाजता गाव सामसूम." आठ ते चार, पूर्ण आठ तास! जुन्या पिढीचं लवकर उठणं आपल्या लक्षात राहिलं, लवकर झोपणं मात्र आपण विसरून गेलो.

पापणीच्या आत काय दिसलं

झोप कमी होती हे खरं, पण तेवढ्याने सगळं जुळत नव्हतं. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग लालसर दिसायच्या ऐवजी पांढुरका दिसला. नखं फिकट. शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला ११२. शाळेच्या जिन्यावर धाप लागते, डोकं दुखतं, कोरडे तांदूळ खावेसे वाटतात, हे सगळं तिने विचारल्यावर सांगितलं. रात्री अंथरुणावर पडलं की "पाय वढतात", ते हलवत राहावंसं वाटतं, म्हणून झोप लागायला वेळ लागतो, हेही. पाळीबद्दल वडिलांना बाहेर पाठवून आजीसमोर विचारलं. पाळी आठ-नऊ दिवस चालत होती आणि पहिले तीन-चार दिवस फार जात होतं. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

हिमोग्लोबिन आलं ७.२ ग्रॅम. या वयाच्या मुलीत ते किमान १२ हवं. आठच्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात.

हिमोग्लोबिन म्हणजे काय, हे मी पालकांना एसटीच्या उदाहरणाने सांगतो. फुप्फुसात आलेला प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवणाऱ्या या गाड्या आहेत. आगारात पन्नास गाड्या हव्यात आणि आहेत तीसच, तर काय होईल? त्याच तीस गाड्यांना जास्त फेऱ्या माराव्या लागतील. म्हणून हृदय जोरात धावतं, जिना चढताना छाती धडधडते. एवढं करूनही शेवटच्या गावाला गाडी उशिरा पोचतेच. स्नायू लवकर थकतात, डोकं जड राहतं, लक्ष लागत नाही. अशा मुलीला पहाटे उठवणं म्हणजे डिझेल संपलेल्या गाडीला धक्का मारण्यासारखं आहे.

लोह फक्त रक्तातच लागतं असंही नाही. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं. ते कमी पडलं की काही जणांना रात्री पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणजे लोहाची कमतरता दिवसाची ताकद तर घेतेच, रात्रीची झोपही पोखरते. "झोपते, पण झोप होत नाही" हे त्या मुलीचं वाक्य कोणत्याही पुस्तकातल्या वर्णनाइतकं अचूक होतं.

आणि ही एकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१.१ टक्के. म्हणजे दहावीच्या वर्गात मुलींच्या रांगेत दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या सहा जणींचं रक्त कमी असू शकतं. त्यांतल्या कित्येकींना घरात "मंद" किंवा "कामचुकार" म्हटलं जात असेल.

शरीराचं घड्याळ आणि शाळेची घंटा

दुसरं उदाहरण माझ्या घरातलं. माझी मुलगी अकरावीत असताना सकाळी तिला उठवणं हा रोजचा झगडा होता. तिचं हिमोग्लोबिन चांगलं होतं, पाणी भरायचं नव्हतं, बस पकडायची नव्हती. पण सकाळी सहाची शिकवणी होती आणि रात्री बारापर्यंत काही केल्या तिला झोप येत नव्हती. "दहाला दिवा बंद केला तरी मी नुसती छताकडे बघत पडते," असं ती म्हणायची. ती खरं बोलत होती.

वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रात्र झाली, आता झोपा, असं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात एक ते दोन तास उशिराने वाढायला लागतं. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला नऊला झोप येते, तर सोळाव्या वर्षी त्याच मुलाला अकराशिवाय येत नाही. साहजिकच सकाळची गाढ झोपही पुढे ढकलली जाते. या मुलाला पहाटे पाचला उठवणं म्हणजे तुम्हा-आम्हाला तीन-साडेतीनला उठवण्यासारखं आहे. त्यात जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायलाच सातच्या आसपास होतात. अंधारात घड्याळाचा गजर वाजतो, पण शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच असते.

जगात इतरत्र याचा विचार झाला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. सिएटल शहरातल्या शाळांनी २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं रात्री आणखी उशिरा झोपतील अशी शंका होती. प्रत्यक्षात मोजमाप केलं तेव्हा मुलांची झोप सरासरीने ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्निया राज्याने तर त्यासाठी कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला.

आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा मांडला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला आहे. पण घड्याळ पुढे सरकतं ते साधारण सहावी-सातवीच्या पुढे. म्हणजे ज्यांना सकाळ सगळ्यात जड जाते ती आठवी ते बारावीची मुलं या निर्णयात नाहीत. शिवाय शिकवणीचे सकाळी सहाचे वर्ग कोणत्याच निर्णयात नाहीत.

आमच्या घरी आम्ही दोन गोष्टी केल्या. शिकवणीची सकाळची बॅच सोडून संध्याकाळची घेतली आणि मोबाईल रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायचं ठरवलं. हा नियम घरातल्या सगळ्यांना, मलाही. महिन्याभरात झगडा संपला असं म्हणणार नाही, पण आवाज बराच उतरला.

गावातल्या मुलांसाठी मात्र घंटेची वेळ बदलून भागत नाही. त्या नववीतल्या मुलीची शाळा साडेदहाचीच होती. तिला उठवत होता तो पहाटेचा नळ, आईची सोंगणी आणि सव्वाआठची एसटी. मुलींना एसटीचा प्रवास मोफत झाला, मानव विकासची बस काही गावांत आली, त्यामुळे कितीतरी मुली शाळेत टिकल्या. पण बस सकाळी लवकर असेल तर घरातल्या कामाची वाटणी बदलल्याशिवाय मुलीची झोप वाढत नाही. हा प्रश्न औषधाने सुटत नाही. तो घरातच बसून सोडवावा लागतो.

मुलं रात्री कुठे असतात?

मुलग्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. हिवाळ्यात दहावी-अकरावीतला मुलगा वर्गात झोपतो म्हणून पालक घेऊन आले की मी आधी विचारतो, "हरभऱ्याला पाणी कोण देतं?" आपल्याकडे शेतीची लाईन काही दिवस रात्रीची असते. मग ओलित रात्रीच करावं लागतं. वडील एकटे कसे जातील, अंधार, विंचू-सापाची भीती, म्हणून पोरगा बॅटरी घेऊन सोबत जातो. पीक वर आलं की रानडुकरं आणि रोह्यांच्या भीतीने जागलीला बसावं लागतं. पहाटे चारला घरी आलेला मुलगा आठला शाळेत पेंगणारच. त्याला शिक्षकांनी बाकावर उभं केलं तर तो उभ्यानेही झोपेल.

शेती सोडा असं मी कसं म्हणेन? पण एवढं नक्की सांगतो: रात्रीच्या ओलिताच्या पाळ्या शाळेच्या मुलाला शक्यतो शुक्रवारी-शनिवारी द्या, लागोपाठच्या रात्री देऊ नका आणि परीक्षेच्या महिन्यात दुसरी सोय बघा. रात्रभर जागलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी मोटरसायकल चालवू देऊ नका. झोपेचा एक झटका दोन सेकंदांचा असतो, तेवढ्यात गाडी रस्ता सोडते.

आणखी काय असू शकतं

झोपेचे तास पुरेसे आहेत आणि तरीही मूल थकलेलंच आहे, तर शरीरात कारण शोधावं लागतं. मी साधारण या गोष्टींचा विचार करतो:

– सिकलसेल. विदर्भात हा आजार बऱ्यापैकी आढळतो. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमधली १० ते २० दिवसच. सांधे आणि हाडं वारंवार दुखणं, डोळे पिवळसर दिसणं, घरात कोणाला हा आजार असणं, ही खूण समजा. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून परस्पर महिनोन्‌महिने लोह देत बसण्यापेक्षा आपल्या भागात एकदा ही तपासणी करून घेणं बरं.

– जंत. अनवाणी शेतात, उघड्यावर शौच होत असलेल्या जागी चालल्याने हुकवर्म पायातून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा दिली जाणारी जंताची गोळी यासाठीच असते.

– बी-१२ ची कमतरता, विशेषतः पूर्ण शाकाहारी आणि दूध-दही कमी खाणाऱ्या घरांत. हातापायांना मुंग्या येणं, जीभ लाल होऊन झोंबणं.

– थायरॉईड कमी असणं. वजन वाढणं, बद्धकोष्ठता, कायम थंडी वाजणं, मुलीच्या पाळीत बदल.

– घोरणं. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढल्या की झोपेत श्वास अडखळतो. मूल तोंड उघडं ठेवून घोरत असेल, झोपेत मध्येच दचकत असेल, तर नऊ तास झोपूनही ते थकलेलंच उठेल.

– मनाचा आजार. उठावंसं न वाटणं, आवडत्या गोष्टींतून मन उडणं, एकटं राहणं, भूक जाणं. शाळेत कोणी त्रास देत असेल तरी मूल सकाळी "पोट दुखतंय" म्हणतं. मुलाशी शांतपणे बोला. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. खूप तहान, सारखी लघवी आणि वजन झपाट्याने उतरणं, हा मुलांमधला मधुमेह असू शकतो. बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, अंगावर आपोआप निळे डाग, मरावंसं वाटतं असं मुलाने म्हणणं, यांतही उशीर नको. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन कमी होणं असेल तर क्षयाची तपासणी लगेच करून घ्या.

त्या मुलीचं काय झालं

हिमोग्लोबिन आठच्या खाली असल्यामुळे तिला मी सरकारी रुग्णालयात पाठवलं. सिकलसेल निघाला नाही. लोह फारच कमी होतं. जंताचं औषध झालं, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी वेगळे उपचार दिले. हे महत्त्वाचं, कारण टाकीला खालून गळती असेल तर वरून कितीही पाणी ओता, ती भरत नाही.

पहिल्या आठवड्यात तिने गोळ्या बंद केल्या, कारण शौचाला काळं व्हायला लागलं आणि आजी घाबरली. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतंच, त्याने काही बिघडत नाही. थोडी मळमळ किंवा बद्धकोष्ठता होऊ शकते, मग डॉक्टरांना विचारून वेळ किंवा प्रमाण बदलता येतं. गोळी बंद करायची नसते. तिला परत समजावलं. महिन्याने हिमोग्लोबिन ९ झालं, तीन महिन्यांनी ११.४. तरीही गोळ्या पुढे चालू ठेवल्या, कारण रक्त भरल्यावर शरीराची कोठीही भरावी लागते.

घरातही बदल झाला. वडिलांनी पाणी भरायचं काम स्वतःकडे आणि सातवीतल्या मुलाकडे घेतलं. मुलगी पावणेदहाला झोपायला आणि पावणेसहाला उठायला लागली. आठ तास. तिसऱ्या भेटीत वडील म्हणाले, "आता हाक मारा लागत नाही, जी." शाळा सोडायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आज ती दहावीत आहे.

हे सांगण्याचं कारण एवढंच की आपल्याकडे मुलीची शाळा सुटायला फार मोठं कारण लागत नाही. "तिचं मन नाही" एवढं वाक्य पुरतं. शाळा सुटली की पाहुणे यायला वेळ लागत नाही. त्या वाक्याच्या मागे पाच ग्रॅम हिमोग्लोबिन आणि दोन तास झोप असू शकते.

घरी काय करायचं

सात दिवस वहीत दोनच वेळा लिहा: मूल प्रत्यक्ष झोपलं कधी आणि उठलं कधी. अंथरुणावर पडल्याची वेळ धरू नका. आठवड्याची बेरीज करून सातने भागा. आकडा आठच्या खाली असेल तर आधी ते तास कुठून काढायचे ते ठरवा.

सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात, उजेडात जाऊ द्या. शरीराचं घड्याळ उजेडानेच लागतं. रविवारी थोडं जास्त झोपू द्या, पण अकरा-बारापर्यंत नको, नाहीतर सोमवारची सकाळ दुप्पट जड जाते. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी चालेल, संध्याकाळची झोप नको.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी मुलांनी दप्तरात किंवा खिडकीबाहेर टाकू नये. ती दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींसाठीच आहे. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. घरात लोहाच्या गोळ्या असतील तर लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, एकदम जास्त खाल्ल्या तर त्या जिवावर बेततात.

जेवणाबरोबर चहा नको, आधी-नंतर तासभर तरी अंतर ठेवा. चहातले घटक अन्नातलं लोह अडवतात. बीट आणि गुळाने रक्त वाढतं ही समजूत फार जुनी आहे, पण त्यांतून मिळणारं लोह थोडंच. त्यापेक्षा अळीव, हरभऱ्याची कोवळी पानं, तरोट्यासारख्या पालेभाज्या, मोड आलेली मटकी आणि डाळी जास्त उपयोगी. त्यांवर लिंबू पिळा, सोबत पेरू, आवळा किंवा बोरं द्या. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. खात असाल तर अंडी, मासे, मटण उत्तमच. पण हिमोग्लोबिन एकदा फार खाली गेलं की नुसत्या आहाराने ते लवकर वर येत नाही, औषध घ्यावंच लागतं.

आणि मुलींच्या आयांना, आज्यांना, मोठ्या बहिणींना एक विनंती. पाळी किती दिवस चालते, किती जाते, हे मुलीला विचारा. सात दिवसांच्या वर चालत असेल, दर तासा-दोन तासाला पॅड किंवा कापड बदलावं लागत असेल, तर ते "बायकांचं असतंच" म्हणून सोडून देऊ नका. त्याला इलाज आहे.

उद्या सकाळी लेकरू उठलं नाही तर पांघरूण ओढण्याआधी त्याच्याजवळ क्षणभर बसा. रात्री झोप कधी लागली, ते विचारा. दुखतं का काही, ते विचारा. खालची पापणी हलकेच ओढून बघा. ती फिकट दिसली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. पापणी लाल असली तरी थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच, आणि जाताना ती झोपेची वही सोबत न्या. आमचं अर्धं काम त्या वहीने होतं.